रॅम ओळखायची तर जीबी सगळ्यात शेवटी बघा

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी दोन मशीन आहेत. एक २०१२ साली घेतलेला डेस्कटॉप, त्यात इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड आणि ४ जीबी रॅम. दुसरा लॅपटॉप, आय३-५००५यू, तोही ४ जीबीचा. मुलगा डिप्लोमाला गेलाय आणि दोन्ही मशीन रडतखडत चालतात. दिरांनी ऑफिसात जास्तीची पडलेली ८ जीबीची रॅम आणून दिली. ‘लॅपटॉपचीच आहे’ म्हणाले, पण ती स्लॉटमध्ये बसेचना. दुकानात विचारलं तर एकाने डीडीआर३, म्हणजे तिसऱ्या पिढीची रॅम, घ्या म्हटलं, दुसऱ्याने ‘एल’वाली लागेल म्हणून सांगितलं आणि तिसऱ्याने ‘मेमरी ५१२ ची टाकून घ्या’ म्हणत भलत्याच वस्तूचा भाव सांगितला. मेमरी म्हणजे नक्की काय काय, आणि हातात आलेली पट्टी कुठली हे आपलं आपल्याला ओळखता येईल का, हा ताईंचा प्रश्न.

येईल. ताई, तुम्ही पट्टीचा आणि जुन्या रॅमचा फोटो पाठवला ते फार बरं केलंत. शालीमारजवळच्या माझ्या दुकानात रोज कुणीतरी येतं आणि ‘आठ जीबीची रॅम द्या’ म्हणतं. मी विचारतो, कशाची? ते म्हणतात, कॉम्प्युटरची. चपलांच्या दुकानात जाऊन ‘चारशेवाली द्या’ म्हणण्यासारखंच हे. जीबी हा शेवटचा प्रश्न आहे. आधी बोर्ड कुठला, मग रॅमची पिढी कुठली, मग आकार, मग व्होल्टेज, आणि मग जीबी.

त्या तिसऱ्या दुकानदाराचं आधी निपटवू. त्याने सांगितलेली ५१२ ची वस्तू म्हणजे एसएसडी, हार्डडिस्कच्या जागी बसणारी साठवणीची वस्तू, रॅम नव्हे. आपल्याकडे दोन्हीला सर्रास मेमरी म्हणतात आणि सगळा घोळ तिथे सुरू होतो. फरक बघायचा तर लाईट जाण्याची वाट बघा. तुम्ही डेस्कटॉपवर अर्ज टाईप करताय, सेव्ह केलेला नाही, आणि लाईट गेली. जे गेलं ते रॅममध्ये होतं. कालचे फोटो, मुलाच्या असाइनमेंट, विंडोज स्वतः, हे सगळं लाईट आल्यावर जसंच्या तसं असतं. ते हार्डडिस्कवर किंवा एसएसडीवर होतं.

रॅममधलं का जातं? त्या काळ्या चिपांच्या आत एकेक बिट म्हणजे एक सूक्ष्म कपॅसिटर आणि त्याचा एक ट्रान्झिस्टर. कपॅसिटरमध्ये चार्ज असला तर एक, नसला तर शून्य. तो कपॅसिटर गळका असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. अशा रॅमला डीरॅम म्हणतात; त्यातला ‘डी’ म्हणजे डायनॅमिक, तो याच सततच्या भरण्यावरून आला. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना या एक-ट्रान्झिस्टरच्या रचनेचं पेटंट १९६८ साली मिळालं आणि आजची तुमची पट्टीही मुळात तीच कल्पना आहे. वीज थांबली की भरणं थांबलं, की सगळं गळून जातं. एसएसडी आणि पेनड्राईव्हमधली फ्लॅश मेमरी चार्ज बंदिस्त करून ठेवते, म्हणून वीज नसतानाही टिकते, पण वेगात रॅमच्या जवळपासही येत नाही.

प्रोसेसरच्या आत कॅश नावाची अजून एक मेमरी असते. ती वेगवान, महाग आणि काही एमबीच. ती वाढवता येत नाही, तेव्हा तिचा विचार सोडा. बोर्डवर बायोसची, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, छोटी फ्लॅश चिप असते, आणि तारीख-वेळ व सेटिंग सांभाळायला २०३२ नंबरचा गोल सेल. जुन्या मशीनची तारीख रोज मागे जात असेल तर बदलायचा तो सेल, रॅम नाही. हे सांगायचं कारण, याच तक्रारीवर रॅम बदलून घेतलेले लोक मी पाहिलेत.

आता तुमची पट्टी. फोटोत स्टिकरवर लिहिलंय: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-एसए१-११. एवढ्या एका ओळीत सगळी कुंडली आहे. ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४. इथेच तुमच्या लॅपटॉपचा प्रश्न संपला, कारण आय३-५००५यू हा पाचव्या पिढीचा प्रोसेसर डीडीआर४ जाणतच नाही. २४०० हा वेग. त्यापुढचा ‘टी’ टायमिंगचा आहे, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. ‘एसए१’ मधला ‘एस’ म्हणजे सोडिम, म्हणजे लॅपटॉपची छोटी पट्टी. दीर खोटं बोलले नाहीत, रॅम लॅपटॉपचीच आहे. फक्त तुमच्या लॅपटॉपच्या पुढच्या पिढीची आहे. ‘१आर’ म्हणजे एक रँक, चिपांचा एकच गट, आणि ‘एक्स८’ म्हणजे प्रत्येक चिप आठ बिट रुंद. या दोन अक्षरांकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझे पैसे तिथेच बुडाले होते.

तुमच्या लॅपटॉपमधल्या जुन्या रॅमवर आहे पीसी३एल-१२८००एस. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३. ‘एल’ म्हणजे कमी व्होल्टेज. १२८०० हा वेग नव्हे, सेकंदाला किती मेगाबाईट जातात तो आकडा. त्याला आठने भागा, १६०० आले. तो खरा वेग. पीसी३-१०६०० लिहिलं असेल तर ती १३३३ ची, पीसी२-६४०० असेल तर डीडीआर२ ची ८०० वाली. डीडीआर४ मध्ये मात्र दोन पद्धती चालतात. कंपनीच्या मशीनसोबत येणाऱ्या रॅमवर २४००, २६६६, ३२०० असा सरळ वेग असतो, तर खोक्यात विकल्या जाणाऱ्या काही ब्रँडच्या पट्ट्यांवर १९२००, २१३००, २५६०० लिहितात. डीडीआर४ वर दहा हजारांच्या वरचा आकडा दिसला की आठने भागायचं, एवढं लक्षात ठेवा.

शेवटचं अक्षरही सोडू नका. ‘एस’ लॅपटॉपची, ‘यू’ साध्या डेस्कटॉपची, ‘ई’ असेल तर चूक पकडणारी ईसीसी, आणि ‘आर’ असेल तर सर्व्हरची रजिस्टर्ड. हे ‘आर’ प्रकरण वाईट आहे. मोठ्या सर्व्हरमधून निघालेला माल स्वस्तात बाजारात येतो. डीडीआर३ किंवा डीडीआर४ ची असली तर डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये अगदी बरोबर बसते, खाचही जुळते, आणि मशीन काही चालू होत नाही. अंबडच्या एका वर्कशॉपवाल्या भाऊंनी अशा चार पट्ट्या आणल्या होत्या, १६ जीबीच्या, ‘एवढ्या स्वस्त’ म्हणून खुशीत. ओळखायची सोपी खूण म्हणजे चिपा मोजा. साध्या रॅमच्या एका बाजूला बहुतेक आठ किंवा चार चिपा असतात. नऊ दिसल्या तर नववी चूक पकडण्यासाठी आहे, आणि मधोमध एक वेगळ्याच आकाराची चिप दिसली तर ती रजिस्टरची. तशी पट्टी हातात आली की ठेवून द्या.

स्टिकर फाटलं असेल, पुसलं गेलं असेल, तर चिपेवरचा किंवा पट्टीवरचा पार्ट नंबर वाचा. सॅमसंगची पट्टी एम४७१ ने सुरू झाली तर लॅपटॉपची, एम३७८ ने झाली तर डेस्कटॉपची, एम३९३ म्हणजे सर्व्हरची. त्यापुढचं अक्षर ‘बी’ असेल तर डीडीआर३, ‘ए’ असेल तर डीडीआर४. डीडीआर३ मध्ये शेवटी ‘वायके०’ असेल तर कमी व्होल्टेजवाली, ‘सीके०’ असेल तर दीड व्होल्टची. दुसऱ्या कंपन्यांच्या नंबरांची अशीच आपापली भाषा आहे. पूर्ण नंबर गूगलवर टाकला की पहिल्या दोन-तीन ओळींत उत्तर मिळतं.

काहीच वाचता येत नसेल तेव्हा खाच. सोनेरी पिनांच्या रांगेत जी एक फट असते ती. दर पिढीला ती मुद्दाम सरकवलेली आहे, कारण दर पिढीचं व्होल्टेज वेगळं आहे आणि चुकीची पट्टी चुकीच्या स्लॉटमध्ये जाऊच नये. डीडीआर अडीच व्होल्टची, डीडीआर२ १.८ ची, डीडीआर३ दीडची, डीडीआर४ १.२ ची आणि डीडीआर५ १.१ ची. डेस्कटॉपच्या डीडीआर३ ची खाच मध्यापासून चांगलीच एका बाजूला असते. डीडीआर२ ची मध्याच्या जवळ. डीडीआर४ ची पुन्हा मध्याकडे आणि डीडीआर५ ची आणखी मध्याकडे. डीडीआर४ ओळखायला मला खाचेपेक्षा खालची कड आवडते: टेबलावर उभी धरली तर पिनांची कड सरळ रेषेत नसते, दोन टोकांना किंचित वर गेलेली असते, म्हणजे सगळ्या पिना एकदम घुसवायला लागत नाहीत आणि जोर कमी लागतो. एकदा नजरेत बसली की लांबूनही कळते.

पिना मोजून ओळखायचा सल्ला पुस्तकांत असतो. मी तो देत नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्ही २४० पिनांच्या, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही २८८ च्या. मोजून मोजून डोळे दुखणार आणि उत्तर अर्धवटच मिळणार. लॅपटॉपच्या पट्ट्यांत मात्र आकडे वेगळे पडतात: डीडीआर३ च्या २०४, डीडीआर४ च्या २६०, डीडीआर५ च्या २६२. शिवाय डीडीआर४ ची सोडिम जुन्या सोडिमपेक्षा दोन मिलिमीटर लांब आहे, ६७.६ ऐवजी ६९.६. तुमच्याकडे दोन्ही पट्ट्या आहेत, एकीवर एक ठेवून बघा. खाच जुळत नाही आणि एक टोक बाहेर डोकावतं, हे लगेच दिसेल. आणि हो, बसत नाही म्हणून जोर लावला नाहीत हे चांगलं केलंत. गेल्या पावसाळ्यात एक जण स्लॉटमधली प्लास्टिकची खुंटीच कानसने घासून आला होता. पट्टी बसली, बोर्ड गेला.

खाचेने एक गोष्ट कळत नाही, आणि तीच तुमच्या दुसऱ्या दुकानदाराने बरोबर सांगितली. डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांची खाच एकच आहे. डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, ‘एल’वाली १.३५ वर, आणि गरज पडली तर दीडवरही. म्हणून ‘एल’वाली पट्टी जुन्या मशीनमध्ये चालते, पण साधी पट्टी ‘एल’ मागणाऱ्या लॅपटॉपमध्ये चालत नाही. तुमच्या आय३-५००५यू ला ‘एल’च हवी. साधी डीडीआर३ घातली तर बसेल अगदी टकाटक, पंखा फिरेल, दिवा लागेल आणि स्क्रीन काळी राहील. घाबरून लोक लॅपटॉप घेऊन येतात की बोर्ड गेला. पट्टी काढली की मशीन जिवंत.

आता ते ‘१आर’ आणि ‘एक्स८’. काही वर्षांपूर्वी एका कोचिंग क्लासची बारा मशीन ८-८ जीबी करून द्यायची होती. सगळे एच६१ बोर्ड, तुमच्या डेस्कटॉपसारखेच. मी ८ जीबीच्या बारा नव्या डीडीआर३ पट्ट्या उचलल्या, भाव बरा मिळाला म्हणून मनातल्या मनात खूशही होतो. पहिलं मशीन चालू केलं, लांब बीप. दुसरं, लांब बीप. तिसऱ्याला मी बोर्डला शिव्या घातल्या. चौथ्याला घाम आला. रात्री घरी बसून एक पट्टी भिंगाखाली धरली तेव्हा दिसलं, चिपा एकाच बाजूला आणि फक्त आठ. ८ जीबी आठ चिपांत बसवायची म्हणजे प्रत्येक चिप एक जीबीची, आमच्या भाषेत आठ गिगाबिटची. दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर चार गिगाबिटपर्यंतच्याच चिपा ओळखतो. त्यांना ८ जीबी हवी तर सोळा चिपांची, दोन्ही बाजूंनी भरलेली, स्टिकरवर ‘२आरएक्स८’ लिहिलेली पट्टीच लागते. माल परत गेला नाही, चूक माझी होती, मी स्टिकर वाचलंच नव्हतं. त्या पट्ट्या पुढे पाचव्या पिढीच्या मशीनमध्ये एकेक करून संपवल्या, कारण पाचव्या पिढीपासून ही अडचण गेली. तेव्हापासून जुन्या डेस्कटॉपला ८ ची पट्टी देताना मी आधी चिपा मोजतो. गिऱ्हाईक हसतं, हसू दे.

याच जातीचा आणखी एक माल बाजारात असतो. ८ किंवा ४ जीबीची डीडीआर३, भाव निम्मा, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘फक्त एएमडीसाठी’. ती इंटेलच्या बोर्डवर चालत नाही. ऑनलाईन घेताना फोटो मोठा करून बघा आणि अभिप्रायांत इंटेलवाल्यांनी काय लिहिलंय ते वाचा.

रॅम घ्यायच्या आधी मशीन उघडायलाच पाहिजे असं नाही. विंडोज १० किंवा ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलात की उजवीकडे खाली वेग, किती स्लॉट वापरात आणि पट्टीचा आकार दिसतो. स्लॉटांच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काही लॅपटॉपात थोडी रॅम बोर्डलाच डकवलेली असते आणि तीही स्लॉट म्हणून मोजली जाते. मग तुम्ही रिकामा स्लॉट आहे समजून पट्टी आणता आणि आत स्लॉटच नसतो. हल्लीच्या पातळ लॅपटॉपांत एलपीडीडीआर४एक्स किंवा एलपीडीडीआर५ असेल तर ती जवळजवळ नेहमी बोर्डला डकवलेली असते. तिथे रॅम घेतानाच काय ती मोठी घ्यायची, नंतर मार्ग नाही. फोनचंही तेच. जाहिरातीतलं ‘८+८ जीबी’ मधलं दुसरं ८ ही रॅम नसून स्टोरेजमधला उसना तुकडा असतो.

अजून बारकाईने बघायचं तर सीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम टाका. त्यात मेमरीच्या पानावर पिढी मोठ्या अक्षरांत दिसते आणि एसपीडीच्या पानावर प्रत्येक स्लॉटमधल्या पट्टीची कंपनी, पार्ट नंबर, रँक. पट्टीवर एक छोटी चिप असते, तिच्यात ही माहिती कारखान्यातच भरलेली असते, प्रोग्रॅम तीच वाचतो. एक मात्र बघून दचकू नका. १६०० ची रॅम तिथे ७९८ किंवा ८०० वर चालताना दिसते. दुकानदाराने फसवलं नाही. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माल पोचवणारी, तेव्हा तो आकडा दुप्पट करून वाचायचा.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये आणखी एक गोष्ट बघा, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. मशीन चालू करून पाच मिनिटं काही न उघडता थांबा. डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर चिकटून बसला असेल तर तुमचा खरा शत्रू हार्डडिस्क आहे, रॅम नव्हे. माझ्याकडे ‘रॅम वाढवा’ म्हणून येणाऱ्या जुन्या मशीनला मी बहुतेक वेळा आधी एसएसडी घालायला सांगतो. त्या अर्थी तो तिसरा दुकानदार अगदीच चुकीचा नव्हता, फक्त त्याने वस्तूचं नाव नीट सांगितलं नाही.

एसएसडी ओळखणं सोपं आहे. तुमच्या दोन्ही मशीनला अडीच इंची साटा एसएसडी लागेल, पत्त्यांच्या जोडापेक्षा थोडी मोठी पण चपटी डबी. लॅपटॉपसाठी सात मिलिमीटर जाडीची बघा. दुसरा प्रकार म्हणजे एम.२, च्युइंगगमच्या पट्टीसारखी उघडी पट्टी, तिच्यावर २२८० लिहिलेलं असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. ती रॅम समजून रॅमच्या स्लॉटजवळ धरणारेही भेटतात. तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन पोटप्रकार. दोन खाचा असतील तर बहुधा साटा, एकच असेल तर एनव्हीएमई, पण याला अपवाद आहेत, तेव्हा स्टिकर वाचणं चुकत नाही. आणि ५१२ ची घेतली तर विंडोजमध्ये ४७६ दिसेल. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. चोरी झालेली नाही.

बसवताना. डेस्कटॉपची मुख्य वायर काढा, लॅपटॉपचा चार्जर आणि शक्य असेल तर बॅटरी. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की लोकरीचा स्वेटर काढताना ठिणग्या दिसतात. निफाडकडून सकाळी थंडीत आलेलं गिऱ्हाईक स्वेटरसकट पट्टी हातात घेतं तेव्हा माझ्याच पोटात गोळा येतो. आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, आणि पट्टी कडेने धरा, सोनेरी पिनांना बोट नको. लॅपटॉपची पट्टी तिरकी घालायची, पिना जवळपास दिसेनाशा होईपर्यंत आत, मग खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या चापांचा टक आवाज येतो. अर्धवट आत गेलेली पट्टी चापात अडकते आणि बसल्यासारखी दिसते. नव्या माणसाची निम्मी फजिती इथेच होते.

पावसाळ्यात जुनी रॅम अचानक बंद पडली, बीप वाजायला लागली, तर ती मेली असं लगेच मानू नका. पिनांवर ओलाव्याने थर बसतो. पांढऱ्या मऊ खोडरबरने हलक्या हाताने घासा, भुगा ब्रशने झाडा, पुन्हा लावा. करड्या, खरखरीत शाईच्या खोडरबरने घासू नका, त्याने सोन्याचा मुलामाच निघतो. हे काम मी इतक्या वेळा केलंय की आमच्या दुकानात स्टेशनरीवाला आला की माझा मुलगा खोडरबरचं खोकं आपणहून पुढे करतो. रॅम तशी चिवट वस्तू आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला तेव्हा भांडी बाजाराकडच्या दुकानांतली गाळात बुडालेली काही मशीन आली होती. बोर्ड आणि पॉवर सप्लाय गेले, पण स्वच्छ पाण्याने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, दोन दिवस वाळवलेल्या बऱ्याच रॅम पुन्हा चालल्या.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र चालतात का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. पिढी आणि व्होल्टेज एक असेल तर बहुधा चालतात. वेग वेगळा असला तर दोघी कमी वेगवालीच्या चालीने चालतात. एका आकाराच्या दोन घातल्या तर दोन वाटांनी माल येतो, ज्याला ड्युअल चॅनेल म्हणतात, आणि फरक जाणवतो, विशेषतः ज्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही अशा मशीनमध्ये. मिसळल्यावर दोन-चार दिवसांत मशीनची स्क्रीन मध्येच निळी पडायला लागली तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राईव्हवर टाकून रात्रभर चालवा. एक जरी लाल ओळ दिसली तरी पट्टी परत करा. ‘एकच चूक आहे’ ही समजूत दुकानदाराची ऐकू नका, माझीही नाही.

तेव्हा तुमच्या दोन मशीनचं असं. डेस्कटॉपच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये ४ जीबीची अजून एक पट्टी, दुकानात शब्द असे वापरा: ‘डीडीआर३ डेस्कटॉप, ४ जीबी, १३३३ किंवा १६००, इंटेलवर चालणारी’. तुमचा प्रोसेसर ती १३३३ वरच चालवेल, म्हणून १६०० साठी जास्त पैसे मोजू नका. एकूण ८ पुरेत. त्याला ‘२आरएक्स८’ ची शोधाशोध करून १६ करण्यात आता अर्थ नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हे मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. मुलाला त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून बघू दे, डिप्लोमाला ते उपयोगीच पडेल. लॅपटॉपला ८ जीबीची एकच पट्टी, स्टिकरवर पीसी३एल-१२८००एस, त्यातला ‘एल’ आणि ‘एस’ बोट ठेवून वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. पण त्याच्याही आधी त्याला साटा एसएसडी. लॅपटॉपची जुनी ४ ची पट्टी टाकून देऊ नका, मागचं झाकण उघडून दुसरा स्लॉट आहे का बघा, असला तर तीही राहू दे.

दिरांची डीडीआर४ पट्टी बिनकामाची नाही. तिला ज्या पाकिटात आणली त्याच चंदेरी पाकिटात ठेवा आणि त्यांना विचारा, ऑफिसात डीडीआर४ लागणारा लॅपटॉप कुणाकडे आहे. नसेल कुणी, तर माझ्याकडे घेऊन या. सातपूरचा एक पोरगा गेल्या आठवड्यापासून अगदी अशीच पट्टी शोधतोय, त्याच्याकडे तुमच्या कामाची ‘एल’वाली पडून आहे.